एकाच मालिकेतील चिपांना कर्नलमध्ये नावे कशी द्यावीत?

तांबट

नमस्कार. विजेच्या वापराची नोंद ठेवणारे एक उपकरण आम्ही बनवतो. त्यातल्या चिपसाठी लिहिलेले लिनक्सचे ड्रायव्हर (चिप चालवणारा कोड) आजवर आमच्याच कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) प्रतीत पडून होते. आता ते मेनलाइनमध्ये, म्हणजे कर्नलच्या मूळ अधिकृत प्रतीत, पाठवायचे ठरले आहे. निर्मात्याचे नाव करारामुळे देता येत नाही, म्हणून पहिल्या चिपला ४१० आणि नुकत्याच हाती आलेल्या दुसऱ्या चिपला ४१२ म्हणू. दोन्हींतले यूआर्ट (सिरियल पोर्ट) आणि वॉचडॉग (चिप अडकली तर ती पुन्हा सुरू करणारा टायमर) अगदी सारखे आहेत. एडीसी (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारा भाग) मात्र दहा बिटांचा होता तो बारा बिटांचा झाला आहे, आणि जीपीआयओच्या (सामान्य कामाच्या पिनांच्या) इंटरप्टची रजिस्टरे (चिपला सूचना लिहिण्या-वाचण्याच्या जागा) वेगळ्या क्रमाने मांडलेली आहेत. पुढे ४१५ येणार आहे असे निर्मात्याचा विक्री प्रतिनिधी सांगतो.

वाद नावांवरून आहे. निर्मात्याच्या एसडीकेमध्ये (चिपबरोबर मिळणाऱ्या कोडमध्ये) फायलींची नावे, मॅक्रो, डिव्हाइस ट्रीतले (बोर्डावर कोणते हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनातले) कम्पॅटिबल (ज्यावरून ड्रायव्हर निवडला जातो ते नाव) असे सगळीकडे '४१एक्स' लिहिलेले आहे. आमच्या वरिष्ठांच्या मते तेच कायम ठेवावे, म्हणजे ४१५ आल्यावर ड्रायव्हरला हात लावावा लागणार नाही. मला ते पटत नाही, पण 'मेंटेनर (कर्नलच्या त्या त्या भागाचे सांभाळकर्ते) नाकारतील' यापलीकडे त्यांच्यापुढे ठेवण्याजोगे कारण माझ्याकडे नाही. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कळसूत्री

मेंटेनर नाकारतील हे खरेच आहे. डिव्हाइस ट्रीची बाइंडिंग (तिच्यात काय लिहायचे याचे नियम) कशी लिहावीत यासंबंधीच्या कर्नलच्या दस्तऐवजात कम्पॅटिबलमध्ये वाइल्डकार्ड ('एक्स'सारखे कोणत्याही अंकाच्या जागी चालणारे चिन्ह) वापरू नये असे स्पष्ट लिहिलेले आहे. पण वरिष्ठांना नियम दाखवून उपयोग नसतो, त्यामागची अडचण दाखवावी लागते.

डिव्हाइस ट्री आणि कर्नल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोर्डाबरोबर गेलेली डीटीबी (डिव्हाइस ट्रीची संकलित) फाइल कधीकधी फ्लॅशमध्ये वर्षानुवर्षे तशीच राहते आणि तिच्यावर कर्नल मात्र नवनवे चढत जातात. त्यामुळे कम्पॅटिबलमध्ये लिहिलेला शब्द हा तुम्ही पुढच्या प्रत्येक कर्नलला दिलेला शब्द असतो. सातबाऱ्यावर एकदा चढलेले नाव उतरवायला काय यातायात पडते ते ज्याने अनुभवले आहे, त्याला अधिक सांगायला नको.

आता समजा तुम्ही '४१एक्स-जीपीआयओ' असे लिहून हजारभर मीटर बाजारात पाठवलेत. ४१० आणि ४१२ यांची इंटरप्ट रजिस्टरे वेगळ्या क्रमाने आहेत, आणि हाती आलेल्या डीटीबीवरून चिप नेमकी कोणती हे ड्रायव्हरला कळण्याचा मार्ग तुम्हीच बंद केलेला आहे. मग चिपचा ओळख क्रमांक वाचणारे रजिस्टर शोधा, ते नसेल तर एखादा जास्तीचा गुणधर्म घाला, आणि जुन्या मीटरमध्ये तो गुणधर्म नाही म्हणून 'नसेल तर ४१० समजा' असा अपवाद लिहा, अशी मालिका सुरू होते. फरक आजच माहीत असताना तो नावातून पुसून टाकण्यात काहीच शहाणपण नाही.

शिवाय एक गोष्ट आधी तपासा. निर्मात्याच्या यादीत ४१ ने सुरू होणाऱ्या इतर चिपा कोणत्या आहेत?

रातकिडा

कळसूत्री यांचे म्हणणे कम्पॅटिबलपुरते मान्य आहे, पण 'वाइल्डकार्ड कधीच नको' हा सूर थोडा एकांगी वाटतो. कर्नलमध्येच आयएनए२एक्सएक्स नावाचा ड्रायव्हर आहे आणि वीज मोजणाऱ्या उपकरणांत काम करणाऱ्या तांबट यांना तो नक्कीच ठाऊक असणार. आयएनए२१९, २२०, २२६, २३०, २३१ या सगळ्या चिपा तो सांभाळतो आणि त्याच्या नावामुळे आजवर कुणाचे घोडे अडलेले नाही.

दुसरे असे की मालिकेचे नाव वापरणे हे नेहमीच आळसाचे लक्षण नसते. रेनेसास कंपनीच्या आर-कार चिपांसाठी 'रेनेसास,आरकार-जेन३-आयटूसी' अशा पिढीवाचक नावांचा मेनलाइनमध्ये सर्रास वापर होतो. तेथे पिढी ही निर्मात्याने स्वतः ठरवलेली आणि दस्तऐवजात नोंदलेली गोष्ट आहे. एखाद्या ड्रायव्हर लिहिणाऱ्याने अंदाजाने घातलेला 'एक्स' नाही.

कळसूत्री

आयएनए२एक्सएक्सचे उदाहरण तुम्ही दिलेत हे बरेच झाले, कारण ते माझ्या बाजूचे आहे. आयएनए२०९ ही चिप त्या नावात बसते, पण तिचा ड्रायव्हर वेगळा आहे, कारण तिची रजिस्टरे निराळी आहेत. आयएनए२३८ देखील नावात बसते आणि तिचाही ड्रायव्हर स्वतंत्र आहे. म्हणजे नावावरून चिप शोधणारा माणूस चुकीच्या फायलीत जातो. उलट एलएम७५ हा ड्रायव्हर पाहा. त्याला नॅशनल सेमिकंडक्टरच्या एका तापमान संवेदकाचे नाव आहे, आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमपी७५ पासून इतर निर्मात्यांच्या चिपांपर्यंत कितीतरी भागांना तोच ड्रायव्हर चालतो. त्या नावाने 'मी अमुक मालिकेचा' असा दावाच केलेला नसल्यामुळे तो दावा खोटा पडण्याचा प्रश्न येत नाही. पहिल्या चिपचे नाव ठेवा आणि पुढे येणारी भावंडे त्याच छपराखाली येऊ द्या, एवढाच हिशेब आहे.

रेनेसासबद्दल तुमचे बरोबर आहे, पण तेथेही पिढीवाचक नाव एकटे लिहीत नाहीत. आधी त्या चिपचे स्वतःचे नाव, उदाहरणार्थ 'रेनेसास,आयटूसी-आर८ए७७९५', आणि मग पिढीचे, असा क्रम असतो. इतके करूनही एकाच चिपच्या सुरुवातीच्या आणि नंतरच्या आवृत्त्यांत फरक निघाले, तेव्हा चालू असताना चिपची आवृत्ती वाचून निर्णय घेणारा कोड त्यांच्या ड्रायव्हरांत लिहावाच लागला. पिढीचे नाव निर्मात्याने दिलेले असले तरी सिलिकॉन ते पाळेलच असे नाही.

शून्यवाचक

चर्चा रंगली आहे म्हणून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचे उदाहरण थोडे जवळून पाहू, कारण त्यात चांगली आणि वाईट दोन्ही नावे एकाच ठिकाणी सापडतात.

२०१२ साली आलेल्या पहिल्या पायमध्ये ब्रॉडकॉमची बीसीएम२८३५ ही चिप होती. ब्रॉडकॉमच्या अंतर्गत हिशेबात ती बीसीएम२७०८ या मालिकेतली. पाय फाउंडेशनच्या स्वतःच्या कर्नलमध्ये मालिकेचे नाव रुजले आणि मेनलाइनमध्ये चिपचे. पुढे २०१५ च्या पाय २ मध्ये बीसीएम२८३६ आली, तिची मालिका २७०९. पाय ३ मध्ये बीसीएम२८३७, तिची मालिका २७१०. परिणाम असा की पाय ३ च्या त्याच बोर्डासाठी एका ठिकाणी 'बीसीएम२७१०-आरपीआय-३-बी' आणि दुसऱ्या ठिकाणी 'बीसीएम२८३७-आरपीआय-३-बी' अशा दोन डीटीबी फायली नांदतात. कोणती फाइल उचलायची हे बूट करणारे फर्मवेअर नावावरून ठरवते, म्हणून मेनलाइनचा कर्नल चालवणाऱ्यांसाठी फर्मवेअरमध्ये वेगळा पर्याय ठेवावा लागला. २०१९ च्या पाय ४ मधील बीसीएम२७११ पासून दोन्हीकडे एकच नाव आले आणि हा घोळ मिटला.

हा झाला फायलींच्या नावांचा भाग. कम्पॅटिबलच्या बाबतीत मात्र पाय ४ चे काम मला फार नेटके वाटते आणि तांबट यांना त्याचा थेट उपयोग होईल. बीसीएम२८३५ च्या आयटूसीमध्ये (दोन तारांवरून इतर चिपांशी बोलणाऱ्या भागात) क्लॉक स्ट्रेचिंगचा जुना आणि प्रसिद्ध दोष आहे: समोरच्या उपकरणाने 'थांब' म्हणून क्लॉकची तार दाबून धरली तर ते नियंत्रकाला नीट हाताळता येत नाही. बीसीएम२७११ साठी लिहिलेल्या नोडमध्ये (डिव्हाइस ट्रीतल्या त्या भागाच्या नोंदीत) दोन नावे आहेत, आधी 'बीआरसीएम,बीसीएम२७११-आयटूसी' आणि मग 'बीआरसीएम,बीसीएम२८३५-आयटूसी'. ड्रायव्हरमध्ये जुन्या नावाला 'क्लॉक स्ट्रेचिंग चालत नाही' अशी टीप जोडलेली आहे, नव्या नावाला ती नाही. ज्या कर्नलला नवे नाव कळत नाही तो दुसरे नाव वाचून जुन्या सावधगिरीने काम करतो आणि काहीही बिघडत नाही. ज्याला कळते तो बंधन उठवतो.

त्याच चिपच्या जीपीआयओला मात्र एकच नाव आहे, 'बीआरसीएम,बीसीएम२७११-जीपीआयओ', आणि पाठीमागे जुने नाव ठेवलेले नाही. बहुतेक रजिस्टरे सारखी असूनही असे का? कारण पुल-अप आणि पुल-डाउन (मोकळी पिन १ किंवा ० कडे ओढून ठेवणारे रोध) लावण्याची पद्धत बदलली. जुन्या चिपमध्ये एका रजिस्टरात इच्छा लिहायची, थोडे थांबायचे, मग क्लॉकच्या रजिस्टराने ती त्या त्या पिनपर्यंत पोहोचवायची असा विधी होता; नव्या चिपमध्ये प्रत्येक पिनसाठी दोन बिट आहेत आणि ते सरळ लिहिता-वाचता येतात. जुना ड्रायव्हर येथे चालवला असता तर त्याने जुन्या रजिस्टरांत निमूटपणे लिहिले असते, एकही त्रुटी दिसली नसती आणि पिन तशीच तरंगत राहिली असती. म्हणून पाठीमागे जुने नाव ठेवावे की नाही याची कसोटी एकच: फक्त जुनी चिप माहीत असलेला ड्रायव्हर नव्या चिपवर चालवला तर तो बरोबर चालेल का? नव्या सोयी मिळाल्या नाहीत तरी चालेल, पण चुकीचे काम होता कामा नये.

जाता जाता: त्याच पाय ४ च्या व्ही३डी ग्राफिक्सच्या नोडचे नाव 'बीआरसीएम,२७११-व्ही३डी' असे आहे. 'बीसीएम' ही तीन अक्षरे तेथे नाहीत. बाकी बहुतेक ठिकाणी आहेत. पण पाय ५ साठीही 'बीआरसीएम,२७१२-व्ही३डी' असेच लिहिले गेले. आता ते असेच राहणार.

ओवरी

मी तंत्रनिकेतनात शिकवते, ड्रायव्हर लिहीत नाही, म्हणून वापरणाऱ्यांच्या बाजूने थोडे लिहिते. नावे फक्त कर्नल वाचत नाही. बऱ्याच आवृत्त्यांत पाय २, ३ किंवा ४ वर सीपीयूइन्फोची (प्रोसेसरची माहिती देणारी) फाइल उघडली तर 'हार्डवेअर' या ओळीत सगळीकडे बीसीएम२८३५ हेच दिसत असे. मुले ते वाचून बीसीएम२८३५ चे पेरिफेरल्सचे पुस्तक उघडतात आणि त्यातला पत्ता थेट सी प्रोग्राममध्ये लिहितात. पहिल्या पायवर पेरिफेरल्सचा आरंभ ०एक्स२००००००० आहे. पाय २ आणि ३ वर तो ०एक्स३एफ०००००० आहे आणि पाय ४ वर ०एक्सएफई००००००. त्यामुळे पुस्तकातला पत्ता दुसऱ्या बोर्डावर चालत नाही, आणि दोष मात्र स्वतःच्या पॉइंटरला दिला जातो.

पहिल्या चिपचे नाव सर्वांना लावले की हा धोका राहतोच, हे कळसूत्री यांनी विचारात घ्यावे असे सुचवते.

कळसूत्री

ओवरी, तुमची तक्रार रास्त आहे. माझे उत्तर असे की ड्रायव्हरचे नाव आणि वापरणाऱ्याला दाखवायचे नाव या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. डिव्हाइस ट्रीच्या मुळाशी 'मॉडेल' हा गुणधर्म असतो, त्यात 'रास्पबेरी पाय ४ मॉडेल बी' अशा थाटात माणसाने वाचायचे नाव लिहिलेले असते. विद्यार्थ्यांना ते वाचायला शिकवावे. तुम्ही म्हणता ती 'हार्डवेअर'ची ओळ बोर्ड ओळखण्यासाठी कधीच भरवशाची नव्हती.

तांबट यांनी नावांचा विचार करताना कोणते नाव नंतर बदलता येते हे आधी पाहावे. कम्पॅटिबल बदलता येत नाही. डीटीबीच्या फाइलचे नाव बदलता येईल असे वाटते, पण शून्यवाचक यांनी दाखवल्याप्रमाणे बूटलोडर ते नाव शोधत असतो. केकॉन्फिगच्या (कर्नल बांधताना काय घ्यायचे ते निवडण्याच्या) पर्यायाचे नाव बदलले तर जुनी कॉन्फिग फाइल घेऊन नवा कर्नल बांधणाऱ्याचा ड्रायव्हर चूपचाप गळून पडतो आणि तसे कुणी सांगतही नाही. मॉड्यूलचे नाव लोकांच्या स्क्रिप्टमध्ये आणि मॉडप्रोबच्या (मॉड्यूल चढवणाऱ्या आज्ञेच्या) फायलींत जाऊन बसते. ड्रायव्हरच्या आतल्या फंक्शनांची आणि मॅक्रोंची नावे तेवढी खऱ्या अर्थाने तुमची. तेथे '४१एक्स' लिहिले तरी मी रिव्ह्यूमध्ये फारसा वाद घालणार नाही.

निशिगंध

कम्पॅटिबल नावाच्या पहिल्या भागाबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. स्वल्पविरामाच्या आधीचे निर्मात्याचे संक्षिप्त नाव कर्नलच्या यादीत नोंदवावे लागते. तांबट यांचा निर्माता त्या यादीत आधीच आहे का ते पाहावे, आणि कंपनी विकली गेली म्हणून नाव बदलण्याच्या फंदात पडू नये. फ्रीस्केल २०१५ च्या डिसेंबरमध्ये एनएक्सपीमध्ये विलीन झाली, तरी त्यानंतर आलेल्या आय.एमएक्स८ आणि आय.एमएक्स९३ चिपांची नावे आजही 'एफएसएल,' नेच सुरू होतात. उलट ॲटमेल २०१६ मध्ये मायक्रोचिपकडे गेल्यावर जुन्या चिपांची नावे 'ॲटमेल,' राहिली आणि एसएएमए७जी५ सारख्या नव्या चिपांना 'मायक्रोचिप,' लागले. दोन्ही मार्ग चालतात. जुन्या चिपचे नाव नव्या मालकाच्या नावावर करणे मात्र या दोघांपैकी कुणीच केले नाही.

ऑलविनरच्या चिपांकडूनही शिकण्यासारखे आहे. सुरुवातीला 'ऑलविनर,सन४आय-टायमर' अशी फक्त मालिकेची नावे होती, ती पुढे 'ऑलविनर,सन४आय-ए१०-टायमर' अशी चिपच्या नावासह करण्यात आली. सन८आय या एकाच नावाखाली ए२३, ए३३, एच३, ए८३टी, व्ही३एस इतक्या निरनिराळ्या चिपा आल्या आहेत की नुसत्या 'सन८आय' वरून काहीच कळले नसते. दुसरीकडे एच३ आणि एच५ या वेगळ्या मालिकांतल्या आहेत, एकीत कॉर्टेक्स-ए७ तर दुसरीत ६४ बिटांचा कॉर्टेक्स-ए५३, पण भोवतालचा भाग इतका सारखा की दोघींसाठी एकच सामाईक डीटीएसआय (डिव्हाइस ट्रीच्या मूळ मजकुराची) फाइल ठेवली आहे, आणि तिच्या नावात दोन्ही चिपांची नावे लिहिली आहेत. मालिका एक म्हणून चिपा सारख्या, असे गृहीत धरू नये.

तांबट

सर्वांचे आभार. कळसूत्री यांच्या सूचनेप्रमाणे निर्मात्याची यादी पाहिली. ४१७ नावाची चिप आधीच बाजारात आहे आणि ती मोटार चालवणारी आहे. तिच्यात आमच्या चिपांसारखा एकही भाग नाही. एवढे दाखवल्यावर वरिष्ठांचा '४१एक्स'चा आग्रह बराच सैल झाला. त्यांचा उरलेला प्रश्न असा: प्रत्येक नव्या चिपसाठी ड्रायव्हर बदलत बसायचा का?

मी असे ठरवतो आहे. यूआर्ट आणि वॉचडॉगसाठी ४१२ च्या नोडमध्ये आधी ४१२ आणि मग ४१० अशी दोन नावे. जीपीआयओसाठी फक्त ४१२. ड्रायव्हरच्या फायली ४१० च्या नावाने. एडीसीसाठी ४१२ आणि मागे ४१०, कारण जुन्या ड्रायव्हरने दोन बिट कमी वाचले तर फक्त बारकाई कमी होईल.

शून्यवाचक

वरिष्ठांच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पहिल्याच ओळीत आहे. यूआर्टसाठी ४१५ आली की तिच्या नोडमध्ये '४१५, ४१०' असे लिहायचे, बाइंडिंगच्या यामल फाइलमध्ये एक ओळ वाढवायची, आणि ड्रायव्हरला हात लावायचा नाही. वाइल्डकार्डकडून त्यांना जे हवे होते ते हेच. शिवाय दोन वर्षांनी ४१५ च्या यूआर्टमध्ये दोष सापडला तर ४१५ हे नाव जुन्या डीटीबीमध्ये आधीपासून असल्यामुळे दुरुस्ती केवळ तिच्यापुरती करता येईल.

एडीसीबद्दल मात्र घाई करू नका. बारा बिटांचे मूल्य रजिस्टरात कोणत्या टोकाला टेकवलेले आहे? डावीकडे टेकवलेले असेल आणि ४१० मध्येही तसेच असेल, तर वरचे दहा बिट तेच राहतात आणि तुमचे म्हणणे खरे ठरते. पण उजवीकडे टेकवलेले असेल, तर जुना ड्रायव्हर खालचे दहा बिट उचलेल, वरचे दोन टाकून देईल, आणि वाचन पूर्ण पल्ल्याच्या दर चतुर्थांशाला पुन्हा शून्यापासून सुरू होईल. विजेच्या मीटरमध्ये याचा अर्थ काय होतो ते तुम्ही जाणताच.

तांबट

डेटाशीट पुन्हा उघडले. मूल्य उजवीकडे टेकवलेले आहे. म्हणजे एडीसीलाही जीपीआयओप्रमाणे ४१२ हे एकच नाव, आणि ड्रायव्हरमध्ये दोन नावांना बिटांची संख्या वेगवेगळी जोडलेली.

रातकिडा

हे योग्य वाटते. माझा आयएनएचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण नवा ड्रायव्हर लिहिताना मीही पहिल्या चिपचेच नाव ठेवीन.

एक सावधगिरी: '४१२, ४१०' अशी दोन नावे लिहून पुढे कधी ४१२ साठी वेगळा ड्रायव्हर लिहिलात, तर दोन्ही ड्रायव्हर त्या नोडवर हक्क सांगतील. एकाच ड्रायव्हरच्या यादीत अधिक नेमके नाव जिंकते, पण दोन स्वतंत्र ड्रायव्हरांमध्ये असा मान नसतो. जो आधी नोंदला जाईल तो उपकरण घेऊन बसतो. त्यामुळे मागचे नाव ठेवणार असाल तर दोन्ही चिपा एकाच ड्रायव्हरमध्ये ठेवण्याची तयारी असू द्या.

कळसूत्री

पॅच पाठवताना बाइंडिंगचा पॅच वेगळा आणि ड्रायव्हरच्या पॅचच्या आधी ठेवा. नाहीतर दस्तऐवजात नसलेले कम्पॅटिबल वापरल्याची सूचना चेकपॅच (पॅच तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) हीच देईल. आणि ४१५ चे नाव आत्ताच यादीत घालू नका. विक्री प्रतिनिधीने सांगितलेली चिप प्रत्यक्ष हाती येईपर्यंत तिचे नाव काय असेल हे त्यालाही नक्की ठाऊक नसते.